गोष्टीतला जमाखर्च

कादंबरी वाचताना आणि सिनेमा पाहताना मला एक खोड आहे. पडद्यावरचे नवरा-बायको उंची फ्लॅटच्या गॅलरीत चहा पीत भांडू लागले, की त्यांच्या भांडणापेक्षा फ्लॅटच्या हप्त्याची मला जास्त काळजी वाटते. पगार किती, खाणारी तोंडे किती, प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली आहे का... छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हे प्रश्न सुचायचेच. ‘तुम्ही सिनेमा बघायला आलात की कर्जप्रकरण मंजूर करायला?’ असे आमच्या सौभाग्यवतींनी भर थिएटरात विचारलेले आहे.

तरीही ही खोड सोडावी असे मला वाटत नाही. आपल्या गोष्टींतून गरिबी असते, श्रीमंती असते, पण पैसा नसतो. गरीब माणूस शिवणयंत्रावर खोकतो, श्रीमंत माणूस जिन्यावरून उतरतो आणि या दोघांच्या मधे आपण सगळे जिथे राहतो तो महिन्याच्या पंचवीस तारखेचा मुलूख लेखकाला दिसतच नाही. लग्न, प्रेम, म्हातारपण, भावाभावांतले अबोले या सगळ्यांच्या तळाशी कुठेतरी एक पासबुक असते. ते उघडून दाखवणारी गोष्ट मला आवडते. अलीकडे अशा काही गोष्टी भेटल्या, त्यांच्याविषयी आज लिहायचे आहे.

पहिली आहे विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’. मूळ कन्नड कादंबरी २०१३ची. मला कन्नड येत नाही, म्हणून श्रीनाथ पेरूर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद वाचला, तो २०१५ साली आला. जेमतेम शंभर-सव्वाशे पानांचा ऐवज. संध्याकाळी हातात घेतला तर रात्रीच्या जेवणापर्यंत संपतो आणि मग जेवण जात नाही.

बंगळुरातले एक कुटुंब. वडील फिरते विक्रेते, घर लहान, घरात मुंग्यांचा सुळसुळाट. वडिलांची नोकरी जाते. त्यांना मिळालेली रक्कम धाकट्या भावाच्या मसाल्याच्या धंद्यात घातली जाते आणि धंदा धो धो चालतो. मोठे घर येते, वस्तू येतात. पुढे जे बदलते ते लेखक इतक्या हळू आवाजात सांगतो, की वाचकाला आपण कधी घाबरलो हे कळत नाही. मिळवता काका म्हणजे घरचा देव. त्याचा चहा, त्याचे जेवण, त्याचा मूड यांभोवती सगळे घर फिरू लागते. वडिलांशीही जपून वागायचे, कारण धंद्यात त्यांचा हिस्सा आहे आणि मृत्युपत्र अजून व्हायचे आहे. गोष्ट सांगणारा मुलगा नावापुरता डायरेक्टर, काम न करता पगार घेणारा. त्याची बायको बाहेरून आलेली, कष्टाच्या कमाईला मान देणारी. तिला या घरात काय दिसते आणि ते बोलून दाखवल्यावर काय होते, ते सांगून मी वाचकांचा रसभंग करत नाही.

माझे सर्वांत आवडते प्रकरण मात्र गरिबीच्या दिवसांतले आहे. एका संध्याकाळी वडिलांच्या वसुलीचा हिशेब लागत नाही आणि सारे घर बेरजा तपासायला बसते. दिवसअखेरीला कॅश जुळत नसेल तर काउंटरमागे कशी शांतता पसरते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ती पाने वाचताना घाम फुटेल. पण त्या रात्री ते कुटुंब एक असते. पुढे लाखोंनी पैसा येतो, तेव्हा हिशेब विचारायची कुणाची छाती होत नाही. कर्जाच्या कागदांवर सही करायला आलेली कितीतरी एकत्र कुटुंबे मला आठवली. जो भाऊ टेबलाजवळ खुर्ची ओढून बसे त्याच्याकडे व्यवहार, आणि जो दाराशी उभा राही त्याच्याकडे फक्त जामीनकी.

दुसरी गोष्ट सिनेमाची. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’. या चित्रपटाला २०२४ साली कानच्या महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. त्याआधी तीस वर्षे त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत एकही भारतीय चित्रपट पोचलेला नव्हता. दिग्दर्शिका पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या. चित्रपट बराचसा मल्याळममध्ये, कारण त्यातल्या दोन नर्सेस केरळच्या. पण गोष्ट आपल्या मुंबईची आहे आणि त्यातली तिसरी बाई तर थेट रत्नागिरीकडची. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती. हे काम छाया कदम यांनी केले आहे. ‘काम केले आहे’ म्हणताना अडखळायला होते, इतकी ती बाई आपल्या ओळखीची वाटते.

पार्वतीचा नवरा गिरणीत होता. तो गेला. खोली आहे, पण खोली आपली असल्याचा कागद तिच्याकडे नाही. तिथे टॉवर उठणार आहे. ती वकिलाकडे जाते आणि इतकी वर्षे आपण इथे राहिलो याला पुरावा नाही, हे तिला कळते. लेखक-दिग्दर्शकांना इथे भाषण देण्याचा केवढा मोह झाला असता! या चित्रपटात तसे होत नाही. रात्री दोघी मैत्रिणी बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात आणि पार्वती सामान बांधून गावी निघते.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपावर आपण पुष्कळ लिहिले. जयंत पवारांचे ‘अधांतर’ नाटक १९९७चे, त्यावरचा ‘लालबाग परळ’ २०१०चा. त्या गोष्टींत बहुतेक वेळा बेकार मुलगे पुढे असतात आणि आई मधे उभी राहून सोसते. एकटी राहिलेली, स्वतः कमावणारी, कागद नसलेली बाई इथे पुढे आली, हे मला मोलाचे वाटले.

कागदाचे महत्त्व मी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले आहे. परळच्या बाजूला एका शाखेत असताना एक विधवा बाई नवऱ्याच्या ठेवीची पावती घेऊन आली. पावतीवर नवऱ्याचे एकट्याचे नाव, नॉमिनेशन नाही. बँकेच्या ठेवींना नॉमिनेशनची सोय १९८५च्या नियमांनी झाली होती, पण त्या घरात ते कुणी सांगितले नव्हते. वरच्या कार्यालयाने वारसाचा कोर्टाचा दाखला मागितला. रकमेच्या मानाने कोर्टाचा खर्च अवाच्या सवा. मी पत्रे पाठवत राहिलो, वरून तेच उत्तर येत राहिले. ‘साहेब, मी त्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं संसार केला, ते तुमच्या वहीत कुठं लिहीत नाही का?’ असे तिने विचारले होते. चौदा महिन्यांनी पैसे मिळाले. पडद्यावर पार्वती वकिलासमोर बसली, तेव्हा मला त्या बाईच्या पिशवीतली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पावती दिसत होती. (आता नोव्हेंबर २०२५पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. वाचकांनी एक तरी लावला आहे ना, ते आजच पाहावे. रविवारी वेळ असतो.)

एक तक्रार आहे. चित्रपट कोकणात उतरल्यावर पार्वती जरा बाजूला पडते आणि नर्स प्रभाच्या मनातल्या नवऱ्याची स्वप्नासारखी गोष्ट सुरू होते. समीक्षकांना तो भाग फार भावला. मला मात्र गावच्या घरात पार्वती पहिल्या महिन्यात पैशांचे काय करते, हे पाहायचे होते. माझी खोड, दुसरे काय!

ओघाने श्री. ना. पेंडशांची ‘रथचक्र’ पुन्हा वाचली. तिला १९६३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. नवरा परागंदा, मुलांना शिकवायचेच असा हट्ट धरून बसलेली, नाव नसलेली ती ‘ती’. पेंडसे स्वतः बेस्टमध्ये नोकरी करत, हे मला नेहमी धीर देत आले आहे. ऑफिसात बसून माणसे कळत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी पेंडसे वाचावेत.

शेवटी दोन सिनेमे, जे खरे म्हणजे एकच आहेत. अकिरा कुरोसावांचा ‘इकिरु’ १९५२चा आणि त्यावरून काझुओ इशिगुरो यांनी लिहिलेला ‘लिव्हिंग’ २०२२चा. सरकारी खात्यातला एक म्हातारा अधिकारी. टेबलावर कागदांचे डोंगर. वस्तीतल्या बायका मुलांच्या मैदानासाठी अर्ज घेऊन येतात आणि त्यांना या खात्यातून त्या खात्यात फिरवले जाते. अधिकाऱ्याला कळते, की आपल्याला कॅन्सर आहे. मग उरलेल्या दिवसांत तो तो एक अर्ज धसाला लावतो. वरिष्ठांच्या दाराशी जाऊन उभा राहतो, अपमान गिळतो, हलत नाही.

‘लिव्हिंग’मध्ये बिल नाय यांनी सुरेखच काम केले आहे. लंडन देखणे, सूट देखणे, दुःखही देखणे. पण माझे मत जुन्याला. ‘इकिरु’मधल्या ताकाशी शिमुरांच्या वाकलेल्या पाठीला आपल्या कचेऱ्यांचा वास येतो. अधिकारी गेल्यावर सहकारी जमतात, पितात, रडतात आणि उद्यापासून आपणही असेच काम करू म्हणून शपथा घेतात. आमच्याकडे कुणाच्या निरोपसमारंभात अगदी अशीच भाषणे होत. कुरोसावा तिथे थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडते. एक नवा अर्ज येतो. खुर्चीत बसलेला नवा साहेब तो शांतपणे दुसऱ्या खात्याकडे पाठवून देतो. एकच कारकून ताडकन उभा राहतो, सगळ्यांकडे पाहतो आणि काही न बोलता पुन्हा कागदांच्या ढिगाऱ्यामागे खाली बसतो.