सतरा वर्षे सरकार कोठे होते?

केरळातली २६ वर्षांची एक सनदी लेखापाल मार्च २०२४ मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंग या जगद्विख्यात लेखासंस्थेच्या कार्यालयात रुजू होते. चार महिने आणि एका दिवसाने, २० जुलैला, तिचा मृत्यू होतो. तिच्या अंत्यविधीलाही संस्थेतून कोणी आले नाही असे तिची आई संस्थेच्या अध्यक्षांना पत्र लिहून कळवते. ते पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले जाते, दिल्लीत मंत्री चौकशीची घोषणा करतात, मानवाधिकार आयोग स्वतःहून दखल घेतो, आणि एवढा गदारोळ झाल्यानंतर महाराष्ट्राच्या कामगार खात्याचे अधिकारी जेव्हा त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढतात, तेव्हा त्यांना असे आढळते की २००७ पासून राजरोस चालू असलेल्या या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच झालेली नाही. नोंदणीचा अर्ज आला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. तो खात्याने फेटाळला, कारण इतकी वर्षे अर्ज का केला नाही याचा उलगडा नव्हता. आमचा प्रश्न खात्याला आहे. सतरा वर्षे तुम्ही कोठे होता?

ज्या शहरात रस्त्याच्या कडेला वडापावची गाडी लावणाऱ्याच्या मागे परवान्यासाठी महापालिकेचा माणूस आठवड्यात उभा राहतो, त्याच शहरात शेकडो उच्चशिक्षित तरुणांना कामाला लावणारी बहुराष्ट्रीय आस्थापना कायद्याच्या नजरेस पडत नाही, हे अज्ञान असूच शकत नाही. ही शरणागती आहे.

त्या मातेचे पत्र आम्ही पुनःपुन्हा वाचले. त्यात आक्रोश कमी आणि तपशील अधिक आहे, म्हणूनच ते असह्य आहे. पदवीदान समारंभाला आईवडिलांनी पुण्यास यावे, तेही आपल्या कमाईच्या पैशांनी, ही त्या मुलीची इच्छा होती; तिने त्यांची विमानाची तिकिटे काढली. आईवडील आले तेव्हा तिच्या छातीत आवळल्यासारखे होत होते. त्यांनी तिला डॉक्टरांकडे नेले, हृदयाचा आलेख काढला, तो ठीक आला. झोप अपुरी आहे आणि जेवणाच्या वेळा सांभाळल्या जात नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. दवाखान्यातून ती पुन्हा कामावर गेली, कारण काम फार आहे आणि सुट्टी मिळणार नाही, असे तिचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी, ऐन समारंभाच्या दिवशी, ती दुपारपर्यंत घरून काम करत बसली आणि समारंभाला कुटुंब उशिरा पोहोचले. ज्या पदवीसाठी तिने तारुण्याची वर्षे वेचली, त्या पदवीच्या सोहळ्याला वेळेवर जाण्याइतकीही मोकळीक तिला नव्हती.

कामाच्या ताणाने तिचा बळी घेतला हे संस्थेला मान्य नाही. इतरांना दिले जाते तितकेच काम तिला दिले होते, असे अध्यक्षांनी सांगितले. मृत्यूचे वैद्यकीय कारण ठरवणे हे आमचे काम नव्हे. परंतु हे उत्तर बचाव म्हणून मांडले गेले आणि प्रत्यक्षात ते फिर्यादच ठरले आहे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. इतरांना दिले जाते तितकेच काम! म्हणजे रात्रीअपरात्री येणाऱ्या कामांची, शनिवार-रविवार गिळणाऱ्या मुदतींची आणि विश्रांतीशून्य आठवड्यांची जी कहाणी आईने लिहिली, ती एका मुलीची नसून त्या मजल्यावरील प्रत्येकाची आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. एकट्या २०१६ मध्ये अशा दीर्घ कामापायी जगात ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. हे आकडे मोठमोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांना ठाऊक नाहीत असे कोणी म्हणू नये. ठाऊक आहेत. तरी रात्री दहाचा कॉल लागतोच.

आणि हा अन्याय कागदावर उमटत नाही, याची तजवीज किती काटेकोर असते! हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, ऐरोली, पवई येथल्या कोणत्याही नोकरदाराला विचारा. शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरायची वेळ येते. आठवडाभर चौदा-चौदा तास बसलेला मुलगा त्यात रोजचे नऊ तास लिहितो, कारण खरे तास लिहिले तर प्रोजेक्टचे बजेट फुटते, बजेट फुटले तर मॅनेजर विचारतो की तुला इतका वेळ का लागतो, आणि त्या प्रश्नाची नोंद अप्रेझलच्या दिवशी त्याच्या नावापुढे उभी राहते. अशा रीतीने त्याचे पाच तास दररोज नाहीसे होतात. ग्राहकाच्या बिलात नाहीत, पगारात नाहीत, सरकारदरबारी तर नाहीतच. महाराष्ट्राचा २०१७ चा मूळ कायदा सांगत होता की दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या पुढे काम घेतले तर दुप्पट दराने मोबदला द्यावा लागेल. संगणकावर माहिती भरून देणाऱ्या या लक्षावधी मुलामुलींपैकी किती जणांनी हा दुप्पट मोबदला कधी डोळ्यांनी पाहिला आहे? शिवाय गोपनीय, व्यवस्थापकीय वा पर्यवेक्षकीय स्वरूपाचे काम करणाऱ्यांना हाच कायदा वगळतो. मग कंपनीने काय करावे? हाताखाली एकही माणूस नसलेल्या पोराला ‘असिस्टंट मॅनेजर’ करावे, ‘लीड’ करावे, आणि त्याला कायद्याच्या छत्राबाहेर ढकलावे. हुद्दा वाढला, संरक्षण गेले.

याहून निर्घृण प्रकार कामावरून काढण्याचा. सकाळी बोलावणे येते. छोट्या काचेच्या खोलीत मॅनेजर आणि एचआरची व्यक्ती बसलेली असते. समोर राजीनाम्याचा मसुदा तयार असतो. आत्ता स्वतःहून राजीनामा दिलास तर रिलिव्हिंग लेटर चांगले मिळेल, नाही दिलास तर टर्मिनेट करू आणि मग पुढची नोकरी मिळणार नाही, असे मृदू आवाजात सांगितले जाते. घरी फोन करायला वेळ मिळत नाही. सही होते, लॅपटॉप काढून घेतला जातो, ओळखपत्र बंद पडते, आणि दहा वर्षे ज्या दारातून तो आत गेला त्याच दारापर्यंत सुरक्षारक्षक त्याला सोडायला येतो. कागदोपत्री त्याने ‘वैयक्तिक कारणास्तव’ नोकरी सोडलेली असते. कपात झालीच नाही, असे कंपनी सरकारला छातीठोकपणे कळवते आणि सरकार ते मान्य करते. हा राजीनामा नव्हे. ही खंडणी आहे.

त्याच कार्यालयांच्या भिंतींवर मानसिक आरोग्यदिनाची रंगीत पत्रके झळकतात! जो माणसाची झोप हिरावून घेतो तोच त्याला ध्यानधारणेचे वर्ग देऊ करतो. जो रविवार खातो तोच सोमवारी ‘आपण सारे एक कुटुंब’ असे भाषण करतो. आणि वर उद्योगजगतातील वडीलधारे काय शिकवण देतात? २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तो आकडा नव्वदवर नेला, रविवारीही कामावर बोलावता येत नाही याची खंत व्यक्त केली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, असा सवाल केला. त्या तासांचे मोल ज्यांना कोट्यवधींत मिळते त्यांनी ज्यांना ते मिळतच नाही त्यांना त्यागाचे धडे द्यावेत, आणि देशाने ते राष्ट्रकार्य म्हणून ऐकावेत, यापरता नैतिक अधःपात कोणता? पुण्यातील मृत्यूनंतर केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही, मुलांना ताण सहन करण्याचे आंतरिक बळ घराने आणि शिक्षणसंस्थांनी द्यावे, असे सांगितले. पुढे त्यांनी खुलासा केला, तरी उपदेशाची दिशा बदलली नाही. ताण देणाऱ्याला एक शब्द नाही आणि सोसणाऱ्याला प्रवचन. हे आम्हांला मान्य नाही.

महाराष्ट्राला तर हे मुळीच शोभत नाही. याच प्रांतात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, ‘दीनबंधू’च्या स्तंभांतून दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्या हातांची कैफियत मांडली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मालकांकडून मिळवली. ती सुट्टी कोणी दान दिली नाही. गिरणीच्या तंतूंनी छाती भरलेल्या माणसांनी ती झगडून घेतली. याच महाराष्ट्राच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती मांडली. १९४६ मध्ये तिचा कायदा झाला. आणि त्यांच्या तसबिरींना न चुकता हार घालणाऱ्या राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये काय केले? आस्थापनांत दिवसाची मर्यादा नवाची दहा तास, कारखान्यांत नवाची बारा तास, आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १४४ तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. कामगाराची संमती घेतली जाईल, असा दिलासा देण्यात आला. काचेच्या खोलीत राजीनाम्यावर सही करणाऱ्याचीही संमतीच असते! घराचा हप्ता, म्हाताऱ्या आईची औषधे आणि तीन महिन्यांचा नोटीस पिरियड डोक्यावर असलेल्या माणसाची संमती ही संमती नसते, हे ज्यांना कळत नाही त्यांनी कामगार खाते सांभाळू नये.

काही देशांनी याचा हिशोब मागितला आहे. जपानमध्ये डेन्त्सु या बलाढ्य जाहिरात कंपनीतील एका तरुणाने १९९१ मध्ये अतिश्रमापायी जीव दिला. २००० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले. तरी कंपनी सुधारली नाही आणि २०१५ मध्ये तिथेच चोवीस वर्षांची मुलगी महिन्याला शंभराहून अधिक तास जादा काम करून गेली. ठार झालात तरी हातातले काम सोडू नका, अशा अर्थाचा नियम या कंपनीच्या कर्मचारी पुस्तिकेत दशकानुदशके छापलेला होता. दुसऱ्या मृत्यूनंतर अध्यक्षाला पायउतार व्हावे लागले, नियम पुस्तिकेतून गेला, आणि संसदेने जादा तासांवर दंडात्मक मर्यादा घातली. दंड मात्र झाला पाच लाख येनचा. तो लज्जास्पदरीत्या क्षुल्लक होता.

फ्रान्सची कथा आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. फ्रान्स टेलिकॉमच्या प्रमुखाला तीन वर्षांत २२ हजार माणसे कमी करायची होती. त्यांतील पुष्कळांना कायद्याने काढता येत नव्हते. ती दाराने जातील नाहीतर खिडकीने, पण जातीलच, अशा आशयाचे उद्गार त्याने २००६ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांपुढे काढले. मग बदल्यांचा मारा सुरू झाला, हुद्दे काढले गेले, कामाविना बसवले गेले, आणि माणसे खरोखर मेली. न्यायालयाने तपासलेल्या ३९ प्रकरणांत १९ आत्महत्या होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कंपनीला आणि तिच्या तत्कालीन प्रमुखाला दोषी ठरवले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने शिक्कामोर्तब केले की एखाद्या कंपनीचे धोरणच छळ असू शकते, आणि ते धोरण आखणारा, पीडिताला त्याने जन्मात पाहिले नसले तरी, गुन्हेगार असतो. आपल्याकडे काय होते? प्रकरण फारच पेटले तर मधल्या फळीतला एखादा मॅनेजर बळी दिला जातो. वरून अशक्य टार्गेट आले म्हणून त्याने खालच्यांना पिळले. ते टार्गेट ज्याने ठरवले तो पुढच्या परिषदेत नेतृत्वगुणांवर भाषण देत असतो. त्याला हात लागला पाहिजे.

औद्योगिक विवादांचा जुना कायदा पर्यवेक्षकीय काम करणाऱ्याला महिना दहा हजार रुपयांच्या वर कामगारच मानत नव्हता; नव्या संहितेने ती रेषा अठरा हजारांवर नेली. पुण्यामुंबईत अठरा हजारांत एका खोलीचे भाडे आणि डबा भागतो. त्या रेषेच्या वरचा प्रत्येक पर्यवेक्षक कामगार न्यायालयाच्या दारात परका ठरतो, आणि २०१७ च्या कायद्याने तर निरीक्षकाच्या जागी सुविधाकार आणून तपासणीची धारच घालवली. खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासगी विधेयक २०१८ मध्येच लोकसभेत मांडले होते. एकाही सरकारने ते आपले म्हटले नाही.

आता आश्वासने पुरे. सरकारने दिवसाच्या मर्यादेत केलेली वाढ मागे घ्यावी. दहाहून अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक कार्यालयाच्या दारावरील कार्डयंत्राची आत-बाहेरची नोंद आणि लॉगिनची नोंद टाइमशीटशी ताडून पाहण्याचा अधिकार निरीक्षकाला द्यावा, आणि त्यात फरक आढळला तर नाहीशा झालेल्या तासांचे दुप्पट वेतन व्याजासह वसूल करावे. दबावाखालील राजीनामा बेकायदा कपात समजावा. छळाच्या धोरणासाठी संचालक मंडळाला फौजदारी जबाबदारीत आणावे. आणि या सर्वांच्या आधी, पुणे, मुंबई, ठाणे आणि नागपूर येथील कोणकोणती कार्यालये आज नोंदणीविना चालू आहेत, ती किती वर्षांपासून, आणि त्या वर्षांत त्या हद्दीचे अधिकारी कोण होते, ही यादी कामगारमंत्र्यांनी विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात नावानिशी पटलावर ठेवावी.