शरीरातील चरबी घरच्या घरी मोजावी काय?



ज्यांच्या गोठ्यात दुभते जनावर आहे त्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही. डेअरीवर नुसते लिटर पाहून दुधाचे पैसे मिळत नाहीत. फॅट किती लागली तेही पाहतात. दोघांच्या कॅनमध्ये दहा-दहा लिटर दूध असले, पण एकाचे म्हशीचे आणि दुसऱ्याचे गाईचे असले, तर हिशेब निराळा होतो. सुरत जिल्ह्यात १९५१ साली सुमूल डेअरी निघाली. तेव्हापासून या भागातील शेतकऱ्याला फॅटचा हिशेब तोंडपाठ आहे. पण स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र आपण अजून लिटरवरच थांबलो आहोत. काट्यावर उभे राहायचे, किलोचा आकडा पाहायचा, आणि तो कमी असला की "आपल्याला कसली चरबी!" म्हणून खाली उतरायचे.

आता बाजारात असे काटे आले आहेत की जे वजनाबरोबर चरबीचा टक्काही दाखवतात. उधन्यात यंत्रमागावर काम करणाऱ्या आपल्या मुलांच्या खोल्यांतून ते दिसू लागले आहेत. पुष्कळजण विचारतात, असा काटा घ्यावा काय? माझे मत मी प्रथमच सांगून टाकतो. काटा घेण्याची गरज नाही. परंतु मोजण्याची गरज आहे, आणि ती लठ्ठ माणसापेक्षा सडपातळ माणसाला जास्त आहे. त्यासाठी सुतळीचा एक तुकडा पुरतो.

एका घरातील गोष्ट

आपल्यापैकीच एक घर. मुलगा उधन्यात नोकरीला, आईवडील नवापूरकडे शेतीवर. मुलाने तो नवा काटा आणला. सकाळी उभा राहिला तर २४ टक्के, पाळी संपवून आला तर २१ टक्के. रोज दोनदा पाहणे आणि रोज दोनदा काळजी करणे असा क्रम सुरू झाला. सणाला वडील आले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीही उभे राहा." वडील हसले, "अरे, मी काय शेठ आहे का चरबी मोजायला? माझे हातपाय बघ, काड्या आहेत!" आणि ते उभे राहिले नाहीत.

पुढे चार महिन्यांनी त्यांच्या पायाला नांगराचा फाळ लागला. जखम भरेना. शेवटी रक्त तपासले तेव्हा साखर तीनशेच्या वर निघाली. त्यांची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो. कोणत्याही तक्त्यात पाहिले तरी वजन बरोबर. पण कंबर मोजली ती ८६ सेंटिमीटर भरली. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र पुढे. असे शरीर आपल्या गावात आणि गल्लीत किती जणांचे आहे, हे ज्याने त्याने डोळ्यांसमोर आणावे.

पुण्याचे डॉक्टर आणि लंडनचे डॉक्टर

हा प्रकार शास्त्राला नवा नाही, आणि त्याचा शोध आपल्या महाराष्ट्रातच लागला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर मधुमेहाचा अभ्यास केला. २००४ साली लॅन्सेट या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी काढलेले छायाचित्र छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा डॉक्टर काढतात, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचा अगदी सारखा होता : २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. वजनाने जुळे, पण आतून दुपटीचा फरक! युडकिन लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे, हे एक कारण तेथे दिले होते. दुसरे असे की याज्ञिक जन्मले तेव्हाच कमी वजनाचे होते.

हे दुसरे कारण आपल्याला जवळचे आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास झाला. त्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी. हातांत मांस कमी. परंतु पाठीवरील कातडीखालची चरबी मोजली तर ती मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत होती. म्हणजे पोटात असताना अन्न अपुरे पडले तेव्हा मांस आखडले, चरबी राहिली. अशा शरीराला पुढे वय वाढल्यावर बसके काम आणि साखरेचा चहा मिळाला की चरबी प्रथम पोटात, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठते. तीच मधुमेहाला आमंत्रण देते.

म्हणून कोणी म्हणेल की "आमच्याकडे उपासमार, आणि तुम्ही चरबीच्या गोष्टी सांगता", तर त्याला उत्तर हे, की ही दोन दुखणी वेगळी नाहीत. आजीच्या आणि आईच्या ताटात जे कमी पडले, ते मुलाच्या पोटावर चरबी होऊन दिसते आहे.

वजनाचा काटा फसतो कसा

लॅक्टोमीटरची लबाडी जुन्या लोकांना ठाऊक आहे. साय काढून घेतली की दूध जड होते. मग त्यात पाणी घातले की हलके होते. दोन्ही बेताने केले की लॅक्टोमीटर जेथल्या तेथे तरंगतो आणि दूध चांगले ठरते. म्हणूनच डेअरीवाले फॅट वेगळी काढतात. शरीरातही असेच घडते. शेतावरची अंगमेहनत सुटली की मांस कमी होते, पोटावर चरबी येते, आणि काट्यावरचे किलो जेथल्या तेथे राहतात. माणूस म्हणतो, "लग्नात होतो तेवढाच आहे." वजनाने असेल, पण साय कोठे गेली आणि पाणी कोठे आले हे काट्याला कळत नाही.

उलट बाजूही आहे. अमेरिकेच्या आरमारातील डॉ. बेंके यांनी १९४२ साली माणसांना पाण्यात बुडवून तोलले. चरबी पाण्याहून हलकी आणि मांस व हाडे जड, या साध्या नियमावर त्यांनी चरबीचा अंदाज काढला. तेव्हा दिसले की वजनाच्या तक्त्याप्रमाणे फार जड ठरलेले फुटबॉल खेळाडू चरबीने नव्हे, तर मांसाने जड होते.

नव्या काट्यात काय असते

या नव्या काट्यात चरबी मोजणारे काही नसते. तो एका पायातून दुसऱ्या पायात विजेचा अत्यंत सौम्य प्रवाह सोडतो. अंगातील पाण्यातून आणि मांसातून वीज सहज जाते, चरबीतून अडखळते. किती अडखळली तेवढेच तो मोजतो. बाकीचे वय, उंची, स्त्री की पुरुष हे विचारून अंदाजाने बसवतो. म्हणून तांब्याभर पाणी प्याले, घाम गाळला, जेवण झाले, तरी आकडा हलतो. टाचा कडक आणि फुटलेल्या असल्या तरी हलतो. त्या मुलाचे २४ चे २१ झाले ते चरबी जळून नव्हे, अंगातले पाणी इकडचे तिकडे झाल्यामुळे. शिवाय दोन पायांतून जाणारी वीज पोटाची बातमी फारशी आणत नाही, आणि आपले दुखणे तर पोटातच आहे. ज्यांच्या हृदयाजवळ पेसमेकर बसवला आहे त्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी अशा काट्यावर उभेच राहू नये.

कोणी म्हणतात की आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस चालतो, खाण्यावर लक्ष ठेवतो. हे खरे आहे. ज्याने काटा घेतलाच आहे त्याने तो फेकू नये. महिन्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, शौचास जाऊन आल्यानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी त्यावर उभे राहावे आणि आकडा वहीत लिहावा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. सहा महिन्यांत तो वर चालला की खाली, याला आहे.

सुतळीचे माप

आता घरचा उपाय. आपल्या उंचीएवढी सुतळी कापावी. ती मधोमध दुमडावी. ही दुमडलेली सुतळी कमरेभोवती फिरवून टोके जुळतात का ते पाहावे. जुळली तर बरे. टोकांत अंतर राहिले तर पोटावर चरबी जास्त आहे असे समजावे, मग काट्यावर वजन काहीही असो. कंबर ही उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, असा हा नियम आहे. इंग्लंडच्या आरोग्यखात्यासाठी नियम ठरवणाऱ्या संस्थेनेही २०२२ साली तो लोकांना सांगितला.

कंबर मोजताना चूक होते ती अशी, की पँटचा नंबर हीच कंबर समजतात. पँट तर पोटाच्या खाली सरकलेली असते! शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मधोमध फीत धरावी. सरळ उभे राहावे, श्वास सहज सोडावा, पोट आत ओढू नये, फीत आवळू नये. कपड्यावरून मोजू नये. स्त्रियांचे माप घरातील दुसऱ्या स्त्रीने घ्यावे. गरोदरपणी हे माप लागू नाही.

ज्यांना टक्काच हवा असेल त्यांच्यासाठी २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी एक सोपा हिशेब दिला आहे. उंचीला कमरेने भागावे, आलेल्या उत्तराला २० ने गुणावे, आणि तो गुणाकार पुरुषाने ६४ मधून, स्त्रीने ७६ मधून वजा करावा. वरच्या गृहस्थांचे पाहा. १६० भागिले ८६ म्हणजे १.८६, गुणिले २० म्हणजे सुमारे ३७, ६४ मधून ३७ गेले, राहिले २७ टक्के. पुरुषाला २५ च्या वर जास्तच मानतात. स्त्रीच्या अंगात निसर्गतःच चरबी अधिक असते, म्हणून तिचा हिशेब वेगळा. हे सूत्र अमेरिकन लोकांच्या मापांवरून बसवलेले आहे, तेव्हा आपल्याकडे ते अंदाजापुरतेच धरावे.

गंमत अशी की कंबर बरोबर उंचीच्या निम्मी असली तर याच हिशेबाने पुरुषाचे उत्तर २४ आणि स्त्रीचे ३६ येते. म्हणजे जेथे सुतळीची टोके जुळेनाशी होतात, जवळपास तेथेच टक्काही हद्द ओलांडू लागतो. मग यंत्र कशाला?

माप चुकले तर

आपल्या देशातील तज्ज्ञांनी २००९ साली पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर ही कमरेची मर्यादा ठरवली. आपली माणसे ठेंगणी असल्यामुळे सुतळीची मर्यादा बहुधा त्याहून आधी लागते. माझे म्हणणे असे, की सुतळी अपुरी पडली की सावध व्हावे, आणि ९० किंवा ८० ओलांडले की तपासणी पुढे ढकलूच नये. तीस वर्षांवरील माणसांसाठी आशाताई जो तक्ता भरतात त्यात कमरेचे माप असते. त्या आल्या की "आम्हाला काय झालंय" म्हणून त्यांना परत पाठवू नका. सरकारी आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब फुकट तपासतात. काट्याचे पैसे वाचवून खाजगीत तपासले तरी चालेल.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वजनावरून लठ्ठ ठरलेले लोक शंभरात २८ ते २९ होते, पण पोटावरून लठ्ठ ठरलेले ३९ ते ४०. हे मधले दहा-अकरा म्हणजे काट्याला न सापडलेली आणि फितीला सापडलेली माणसे. आपला शेतकरी बहुधा त्यांतच असतो.

परंतु एक धोका आहे. सुतळी अपुरी पडली म्हणून सडपातळ माणसाने जेवण तोडू नये. त्याने आधीच कमी असलेले मांस आणखी झडेल. तोडायचे ते साखरेचे चहा, तळलेले पदार्थ, दारू. ठेवायचे ते डाळ, कडधान्य, अंडे, दूध, पालेभाजी. आणि अंगाला ओझे उचलायची, खणायची, जिने चढायची सवय ठेवायची. मागासमोर बारा तास उभे राहणे म्हणजे मेहनत खरी. पण दंडाला आणि मांडीला जोर लागत नाही, तो वेगळा लावावा लागतो.

शेवटी पुन्हा दुधाकडे येतो. पुण्याजवळच्या त्या खेड्यांत असेही दिसले, की ज्या गरोदर बायांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक होती, त्यांची बाळे अधिक भरलेली जन्मली. आपल्या कितीतरी घरांत सगळे दूध डेअरीवर जाते, फॅटचा भाव चांगला लागला म्हणून घरधनी खूश होतो, आणि पोटुशी सून चुलीपाशी कोरा चहा पिते. चाळीस वर्षांनी तिच्या मुलाच्या कमरेला सुतळी पुरावी असे वाटत असेल, तर आज कॅन भरण्याआधी दोन पेले दूध घरात काढून ठेवा.