आधी भरा, मग बोला

आमच्या वाड्यावरच्या एका काकींना गेल्या पावसाळ्यात विजेचे बिल आले ११,४०० रुपयांचे. घरात एक पंखा, एक फ्रिज, चार दिवे. मीटर वाचणारा चार महिने फिरकलाच नव्हता, आकडा अंदाजाने टाकलेला. खिडकीवर उत्तर मिळाले, "आधी भरा, मग अर्ज द्या." "पुता, लाइट कापली तर?" या भीतीने काकींनी चवथीसाठी बाजूला काढलेले पैसे भरून टाकले.

मी स्वतः सरकारी कारकून. ते वाक्य किती सहज तोंडातून जाते, हे मला ठाऊक आहे. (समोरचा माणूस गप्प होतो, रांग पुढे सरकते!) पण ते खरे नाही. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ५६ सांगते की, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. काकींना त्या सरासरीने जेमतेम सहाशे भरावे लागले असते. तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. हे सारे बिलाच्या मागे ठळक मराठी-कोंकणीत छापायला कितीशी शाई लागेल? दंडाची तारीख तर बरोबर ठळक असते.

काकींचा अर्ज मीच लिहून दिला, आवक क्रमांकासह पोच घेतली. जादा पैसे पुढच्या बिलांत वळते झाले. तोवर चवथ होऊन गेली होती.