अनिश्चिततेचे ओझे

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या यंत्रमागांची खडखड सर्वांच्या परिचयाची आहे. या कारखान्यांच्या फाटकांबाहेर भल्या पहाटे आणखी एक उद्योग सुरू होतो. त्याची मात्र कोठे नोंद नाही. सुताचे गुंते, चिंध्या, पुठ्ठे, प्लॅस्टिक वेचून पोत्यात भरणाऱ्या स्त्रियांचा हा उद्योग. त्यांच्या हातापायांच्या जखमांविषयी अधूनमधून बोलले जाते. त्यांच्या मनाविषयी कोणी बोलत नाही. गरिबाला पोट असते, मन नसते, अशीच जणू आपली समजूत आहे.

मानसिक आरोग्य हा वैद्यकाचा विषय. त्यात अर्थशास्त्राच्या अध्यापकाने का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या अस्वास्थ्याचे एक मोठे मूळ बाजारात आहे. ज्या अनिश्चिततेचा विमा उतरविता येत नाही, ती पत्करण्याचे मोल म्हणजे नफा, असा सिद्धांत फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली मांडला. वर्गात शिकविताना तो मोठा न्याय्य वाटतो. वर्गाबाहेर चित्र उलटे दिसते. भंगाराचा भाव उतरला की मोठा व्यापारी लहान दुकानदाराला कमी दर देतो आणि दुकानदार तो तोटा वेचणारीच्या माथी मारतो. तिच्या खाली कोणीच नाही. अनिश्चितता सर्वाधिक तिच्या वाट्याला येते, नफा मात्र येत नाही. जो भार पुढे ढकलता येत नाही, तो अखेर मनावर साचतो.

आज पोते भरेल काय, भरले तर भाव काय मिळेल, घेतलेल्या उचलीपोटी दुकानदार किती कापून घेईल, हे प्रश्न रोजचेच. त्यात रखवालदाराची संशयी नजर. या साऱ्याला ती ‘नैराश्य’ म्हणत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके बधिर होते, एवढेच सांगते आणि तंबाखूच्या चिमटीवर वेळ मारून नेते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशनाचीही सोय झाली. या तरतुदी स्वागतार्हच आहेत. परंतु सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाची सकाळ आणि कचरा वेचण्याची सकाळ एकच. स्वस्तातल्या केसपेपरची खरी किंमत एका दिवसाची कमाई ठरते. शिवाय ज्या काळजीचे कारण उद्याची भाकरी आहे, ती केवळ गोळीने कशी शमावी?

म्हणून उपचाराइतकीच निश्चितीची गरज आहे, आणि ती अशक्य नाही. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वेचकांना ओळखपत्रे मिळाली. पुढे २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले. घरटी शुल्क ठरले आणि मिळकतीला काहीएक आधार आला. ओळखपत्राने पोट भरत नाही हे खरे. पण कोणी हटकले तर दाखविण्यासारखे काही हाती असते. त्याआधी १९६९ मध्ये माथाडी कायदा करून असंघटित कष्टकऱ्याला संरक्षण देता येते, हे याच महाराष्ट्राने दाखविले होते.

यंत्रमागाचा धंदा आधीच अडचणीत असता हा नवा बोजा कशाला, असे कारखानदार म्हणतील. पण येथे देणगी कोणी मागत नाही. ओळखपत्र असलेल्या वेचकांना ठरावीक वेळी आत येऊ द्यावे, सुका कचरा वेगळा ठेवावा, वर्गवारीसाठी एक शेड मिळावी आणि दराचा फलक लागावा. महापालिकेने ओळखपत्रे द्यावीत. आरोग्य यंत्रणेने आठवड्यातून एक सायंकाळ वसाहतीतच तपासणी ठेवावी.

१८ मे २०२५ रोजी याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा बळी गेला आणि सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. तो फाटकाच्या आतच थांबू नये. फाटकाबाहेर पोते घेऊन उभी असलेली स्त्रीही याच उद्योगाची कामगार आहे. तिला रात्री झोप लागत नसेल, तर तो या वसाहतीच्या हिशेबवहीत न मांडलेला खर्च आहे.