साहेबांना अवघड गोष्ट सांगायची कशी? कुर्डूच्या फोन कॉलवरून समजून घ्या

सोलापूर : वरिष्ठांचा आदेश पटला नाही किंवा त्याची खातरजमा करायची असेल, तर बोलायचं कसं? नोकरदारांना रोज पडणारा हा प्रश्न २०२५ मध्ये माढा तालुक्यातल्या कुर्डू गावामुळे राज्यभर चर्चेत आला.

काय घडलं होतं?

३१ ऑगस्ट २०२५ रोजी बेकायदा मुरूम उपशाच्या तक्रारीवरून करमाळ्याच्या उपविभागीय पोलिस अधिकारी अंजना कृष्णा कारवाईसाठी कुर्डूत गेल्या होत्या. तिथे एका कार्यकर्त्याने आपला मोबाइल त्यांच्या हाती दिला. पलीकडून उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी कारवाई थांबवायला सांगितलं. अंजना कृष्णा यांनी थेट आपल्या नंबरवर फोन करण्याची विनंती केली. त्यावर पवार चिडले. नंतर व्हिडिओ कॉलवर बोलणं झालं. त्याचा व्हिडिओ व्हायरल झाल्यावर ५ सप्टेंबरला पवार यांनी खुलासा केला. कारवाईत हस्तक्षेप करायचा नव्हता, परिस्थिती शांत राहावी एवढाच हेतू होता, असं त्यांनी म्हटलं.

खात्री मागणं म्हणजे उद्धटपणा का?

नियम तसं मानत नाही. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ नुसार वरिष्ठांचे निर्देश शक्यतो लेखी असावेत. तोंडी दिले, तर कनिष्ठाने लवकरात लवकर लेखी दुजोरा मागायचा आणि वरिष्ठाने तो द्यायचा. सनदी अधिकाऱ्यांनी केवळ तोंडी आदेशांवर काम करू नये, असं सर्वोच्च न्यायालयानेही ऑक्टोबर २०१३ मध्ये टी. एस. आर. सुब्रमण्यन खटल्यात स्पष्ट केलं.

शिवाय पवार हे अंजना कृष्णा यांचे थेट वरिष्ठ नव्हते. गृहखातं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे होतं.

खासगी नोकरीत काय?

एमआयडीसीतला सुपरवायझर असो की पुण्यातल्या आयटी कंपनीत काम करणारा सोलापूरचा इंजिनिअर, त्यांच्या पाठीशी हे नियम नसतात. अप्रायझल त्याच साहेबांच्या हातात असतं, म्हणून अनेक जण गप्प बसतात. पण काम बिघडलं की तोंडी आदेश कुणालाच आठवत नाही. कागदावर सही मात्र खालच्या माणसाची असते.

मग बोलायचं कसं?

• चारचौघांत नको. दहा मिनिटं वेगळी मागून घ्या.

• स्वभावावर नको, कामावर बोला. ‘तुम्ही नेहमी घाई करता’ऐवजी ‘टेस्टिंगला दोन दिवस मिळाले नाहीत, तर हा दोष ग्राहकाकडे जाईल’ असं सांगा.

• नुसती अडचण नको, सोबत एक पर्यायही न्या.

• त्याच दिवशी छोटा मेल टाका : ‘आपल्या बोलण्यानुसार हे काम असं करतोय. काही चुकत असल्यास कळवा.’

एवढं करूनही साहेब चिडणार नाहीत, याची हमी नाही. कुर्डूत तर फक्त खात्री मागितली होती, तरी राग आलाच. पण मेल असेल, तर आपण वेळेत सांगितलं होतं हे उद्या दाखवता येतं.