गाठ दुखत नाही म्हणून

आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९० च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटर लांबीच्या अदृश्य तरंगांचे प्रयोग करून जगाला थक्क केले. त्या तरंगांच्या शेजारचा, सूक्ष्मतरंग आणि अवरक्त किरण यांच्या मधला टापू म्हणजे टेराहर्ट्‌झ तरंग. क्ष-किरणांप्रमाणे ते पेशींतील रेणूंची मोडतोड करीत नाहीत. त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाच्या निदानासाठी त्यांच्याकडे आशेने पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे.

पण या तरंगांना पाणी पार करता येत नाही. मानवी देह तर पाण्यानेच भरलेला. त्यात ते फार तर मिलिमीटरभर शिरतात. खोलवरची गाठ बाहेरून दाखविणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यांचा उपयोग शस्त्रक्रियागृहात. कापून काढलेल्या भागाच्या कडेला रोग उरला आहे का, हे तिथल्या तिथे कळावे, यासाठी केंब्रिजच्या संशोधकांनी असे नमुने तपासून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज हा अहवाल यायला अनेकदा काही दिवस लागतात आणि रोग उरला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया. मानोऱ्याहून नागपूर गाठणाऱ्या भगिनीसाठी ती दुसरी खेप म्हणजे पुन्हा बुडालेली मजुरी, पुन्हा सोबतीला माणूस. म्हणून हे संशोधन पुढे जायलाच हवे.

वाशीमचा प्रश्न मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून ती घरात सांगितली जात नाही. सोयाबीनची सोंगणी होऊ दे, मुलीचे लग्न उरकू दे, असे म्हणता म्हणता वर्ष सरते. २०२२ मध्ये देशात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू असा अंदाज आहे.

यावर यंत्राविना काय साधते, ते मुंबईने दाखविले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याखालील वयात तशी घट दिसली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला.

तिशीपुढील स्त्रियांची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी, अशी केंद्राची २०१६ ची मार्गदर्शिका आहे. कागदावर ती पुरेशी दिसते. रिसोड वा मंगरूळपीरच्या खेड्यात तिला आडोशाची खोली आणि तपासणारी स्त्रीच हवी. नाहीतर सासुरवाशीण उंबरठा ओलांडणार नाही. हळदीकुंकवाला, बचत गटाच्या बैठकीला जमणाऱ्या सुशिक्षित भगिनींनी हा विषय संकोच सोडून बोलावा. आणि जिल्हा प्रशासनाने निव्वळ तपासण्यांची संख्या सांगून थांबू नये. गाठ आढळलेल्यांपैकी किती जणी पुढील उपचारांपर्यंत पोहोचल्या, ते तालुकावार जाहीर करावे.