पकड

ॲक्शन-ॲडव्हेंचर गेमचं परीक्षण करताना बहुधा दोन खाती वेगळी मांडली जातात. गोष्ट, चित्रं, संगीत हे एका खात्यात. हाताळणी, कॅमेरा, लढाई हे दुसऱ्यात. शेवटी दोन्हींची बेरीज करून गुण द्यायचे. ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ हा जपानी गेम २००५ साली प्लेस्टेशन २ वर आला. तेव्हापासून त्याचं कौतुक खूप झालं, पण त्या कौतुकात बरेचदा माफीचा सूर असतो. दिसायला काव्य आहे, खेळायला जरा त्रास होतो, तेवढं सांभाळून घ्या, असा. मला हा सूर पटत नाही. या गेमची गोष्ट त्या त्रासातूनच सांगितली जाते. हाताळणी लोण्यासारखी मऊ केली तर गोष्ट जागच्या जागी विरघळेल.

गोष्ट तशी चार ओळींची आहे. वाँडर नावाचा तरुण मोनो या मृत मुलीला घोड्यावर घेऊन, एक लांबलचक पूल ओलांडून निषिद्ध प्रदेशात येतो. तिथल्या देवळात छताकडून डॉर्मिनचा आवाज येतो : इथले सोळा महाकाय मारलेस तर ही मुलगी परत येऊ शकेल, पण किंमत जबर असेल. वाँडरला किंमत मान्य आहे. इथून पुढे गेममध्ये सोळा लढाया आहेत आणि त्यांच्यामधली वाट आहे. किरकोळ शत्रू नाहीत, गावं नाहीत, दुकानं नाहीत. हत्यारं म्हणजे एक तलवार आणि एक धनुष्य. सोबतीला ॲग्रो हा घोडा. दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी ‘इको’ या २००१ मधल्या गेमपासून हीच रीत धरली होती : जे नसलं तरी चालेल ते काढून टाकायचं. महाकायांची संख्यासुद्धा मूळ आराखड्यात बरीच जास्त होती. छाटत छाटत ती सोळावर आणली गेली.

इतकं सगळं छाटल्यावर जे उरलं ते पाहायला पहिला महाकाय पुरेसा आहे. दोन पायांवर चालणारा, हातात भलंमोठं सोट्यासारखं हत्यार असलेला डोंगर. अर्धं अंग दगडी, अर्ध्यावर दाट केस. त्याच्या पायाशी जाऊन पोटरीवरचे केस धरायचे आणि बटण दाबून धरायचं. दाबायचं नाही, दाबून धरायचं. बोट उचललं की वाँडर खाली. तो अंग झाडतो, तेव्हा वाँडर वाऱ्यात वाळत घातलेल्या कपड्यासारखा फडफडतो आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं पकडीचं वर्तुळ लहान लहान होत जातं. थोडी उसंत मिळाली की पाठीवरच्या कठड्यावर दम खायचा, मग डोक्यावर चढायचं. तिथं चमकणाऱ्या खुणेवर घाव घालायचा, तर तलवार उगारून ताकद साठेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात तो पुन्हा हलला तर घाव हुकतो. म्हणजे मारण्याची क्रिया झटक्यात उरकता येत नाही. वाँडरची मूठ आणि खेळणाऱ्याचं बोट दोन्ही एकच काम करत असतात, एकाच वेळी अवघडत असतात. दया यायला भरपूर वेळ मिळतो, आणि नेमका तेवढाच वेळ पकड सोडायची नसते.

महाकाय कोसळतो तेव्हा विजयाची धून वाजत नाही. को ओतानी यांचं संगीत चढाईच्या वेळी उसळलेलं असतं, ते आता शोकाचं होतं. त्या देहातून काळे धागे निघून वाँडरच्या अंगात शिरतात, तो बेशुद्ध पडतो आणि देवळात जागा होतो. दर खेपेला त्याचा चेहरा थोडा अधिक उतरलेला असतो. पाचवा महाकाय पक्षी आहे, तळ्यातल्या खांबावर बसलेला. आपण बाण मारत नाही तोवर तो आपल्याला काही करत नाही. तेरावा वाळवंटावर तरंगणारा, सगळ्यांत लांब. तो तर अखेरपर्यंत हल्लाच करत नाही. त्याला खाली आणायला त्याच्या पोटाखालच्या तीन फुगलेल्या पिशव्या बाणांनी फोडायच्या, घोडा त्याच्या बाजूने भरधाव सोडायचा आणि वाळूला टेकलेल्या पंखावर उडी घ्यायची. गेममधला हा सर्वांत देखणा क्षण आहे आणि सर्वांत निर्दय कृत्यही. क्रौंचवधाच्या कथेत आपण वाल्मीकींच्या बाजूला उभे असतो. इथे धनुष्य आपल्या हातात दिलं आहे.

पहिला आक्षेप तंत्राचा आहे, आणि तो अर्धा खरा आहे. कॅमेरा खरोखरच वाईट आहे. ऐन चढाईत तो महाकायाच्या अंगात घुसतो, पुढचा कठडा दिसत नाही. जुन्या यंत्रावर चित्र अडखळतही असे. याला कलेचं नाव देऊन झाकायचं कारण नाही. पण वाँडर धडपडतो, त्याला तलवार नीट पेलत नाही, घोडा लगाम ओढल्याबरोबर वळत नाही, हे दोष त्या जातीचे नाहीत. वाँडर कसलेला योद्धा नाही, हे संवादातून कोणी सांगत नाही; त्याच्या धावण्यातून कळतं. ॲग्रो हुकमी गाडी नाही. अरुंद वाटेत आपण हात सैल सोडला तर तो स्वतःच मार्ग काढतो. त्याच्यावर विसंबायला शिकलं की प्रवास सोपा होतो, आणि म्हणून पुढे त्याच्या जिवावर बेततं तेव्हा घशात आवंढा येतो. २०१८ मध्ये ब्लूपॉइंट गेम्सने प्लेस्टेशन ४ साठी हा गेम नव्याने बांधला. चित्रं सगळी नवी केली, अडखळणं घालवलं, बटणांची सोयीची मांडणी दिली. वाँडरचं धडपडणं मात्र तसंच ठेवलं. दोष कुठला आणि आशय कुठला, हे त्यांनी अचूक ओळखलं.

दुसरा आक्षेप, प्रदेश ओसाड आहे, कंटाळा येतो. आजचे मोकळ्या नकाशाचे गेम दर शंभर पावलांवर काहीतरी ठेवतात, त्यांच्या सवयीतून हा आक्षेप येतो. इथं तलवार उन्हात धरली की किरणं एका दिशेला एकवटतात आणि आपण तिकडे निघतो. सावलीत ती मुकी असते. मधल्या वाटेवर संगीत नाही, फक्त टापा आणि वारा. ही रिकामी दहा मिनिटं काढली तर आधीच्या वधाचा विचार करायला जागाच राहणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. मारण्याखेरीज गेम पुढे सरकतच नाही, मग खेळणाऱ्याच्या माथी अपराध कसला? उत्तर देताना शेवट सांगावा लागेल, तेव्हा ज्यांना तो जपायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. अखेरीस मंदिरात वावटळ सुटते आणि वाँडर प्रकाशाच्या कुंडाकडे ओढला जातो. इथं गेम सूत्रं आपल्याकडून काढून घेत नाही. पायऱ्या धरता येतात, तेच बटण दाबून धरता येतं, पुन्हा मोनोच्या दिशेने दोन पावलं टाकता येतात. मग पकड संपते. सोळा वेळा ज्या बोटाने दुसऱ्याचा जीव जाईपर्यंत सोडलं नाही, त्याच बोटाला आता सुटणं भोगावं लागतं. निवड नव्हती हे खरं. पण आवाजाने सांगितलं आणि आपण निमूट गेलो, हेही खरं. इतर गेममध्ये शेकडो जीव घेताना आपण तेवढंही थांबत नाही. उलट, त्याआधी एमन नावाचं पात्र आणि त्याचे सैनिक येऊन वाँडर कसा फसवला गेला ते बोलून दाखवतात, तो भाग मला कच्चा वाटतो. बोटाला कळलेलं शब्दांत सांगायची गरज नव्हती.

नव्याने खेळणाऱ्यांनी २०१८ ची आवृत्ती घ्यावी. ती प्लेस्टेशन ५ वरही चालते. आणि तेराव्यापाशी पोचलात की पहिला बाण सोडण्याआधी त्याला आकाशातून एक पूर्ण फेरी मारू द्या. तो तुम्हाला काहीही करणार नाही.